हायत का गेले?

आप्पा, गिऱ्हाईक तसबीर रंगवून घ्यायला फोटो घेऊन दुकानात आलं की तुम्ही पहिलं जे विचारायचात तेच मी अजून विचारते. माप नंतर, पैसे नंतर, आधी हे: हायत का गेले? लोक चिडतात. मागं एका सोसायटीचा चेअरमन स्वतःचाच फोटो घेऊन आला होता, त्यालाही विचारलं. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे, तुम्ही गेल्यावर ते काही गोड झालेलं नाही. पण नियम तुमचा, मी नुसता पाळते. जिवंत माणसाचे डोळे समोर काढायचे. गेलेल्याचे बाजूला, खिडकीकडं नाहीतर दाराकडं. बघणाऱ्याकडं नाही.

का, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी तिसरीतून शाळा सोडून तुमच्या हाताखाली आले, मास्तरांनी शिकवली त्याहून जास्त अक्षरं मला दुकानांच्या पाट्यांनी शिकवली, तेव्हापासून विचारत होते. तुम्ही म्हणायचात, "रंग घोट." कारण मला कळलं ते त्या सराफाच्या बायकोमुळं. नवरा जाऊन तेरा दिवस झालेले आणि बाई हट्टाला पेटलेली, "मला बगू देत की माझ्याकडं." तुम्ही नाही म्हणालात, ती उंबऱ्यात बसून रडली, शेवटी दिलेत काढून. महिना झाला नसेल, भर दुपारी दारात टांगा थांबतो. बाई उतरते. तसबीर चादरीत गुंडाळलेली, वरून दोरीनं आवळलेली. "घ्या माघारी. माझ्या ताटात बगत्यात. भाकरी मोडली की बगत्यात. मी जेवायचंच सोडलंय." मला हसू आलं. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी रंग घोटायला घेतला. तुम्ही ते डोळे पुसलेत, दाराकडं बघणारे नवे काढलेत, आणि बाई गेल्यावर मला बोललात ते मात्र भलत्याच गोष्टीवरून. मी ब्रश न धुता तसाच टाकला होता. "डोळ्याचा ब्रश हाय त्यो. त्याच दिवशी धुवायचा." मी कुठला ब्रश वेळेवर धुतलाय, आप्पा! टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवायचा आणि उद्याचं उद्या, ही माझी रीत. सकाळी बघावं तर तुम्ही तो धुऊन, केसांना साबण लावून, सुईसारखं टोक काढून डब्यात उभा केलेला असायचा. बोलायचात काहीच नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

आता त्या पोरीचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. दिवाळी होऊन गेली होती. गावाच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकराची पोरगी दुकानात आली. अंगात झब्बा, खाली पॅन्ट, खांद्याला शबनम. पुण्याला सिनेमा शिकते म्हणाली. शिकवतात, आप्पा, आता पोरींनाही शिकवतात. तिनं एक छोटा सिनेमा काढला होता, पाव तासाचाही नाही. तिची आजी, तिला घरातले सगळेच अव्वा म्हणतात, घरी चाकावर बसून कांड्या भरते. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. सिनेमाचं नावही 'कांडी'. रविवारी संध्याकाळी त्यांच्या समाजाच्या हॉलमध्ये दाखवायचा होता, दाखवायचं मशीन कुटुंब नियोजनवाल्यांकडून मागून आणणार होती. तिनं स्वतः काढलेलं पोस्टर आणि छापायचं हँडबिल माझ्यासमोर ठेवलं. "मावशी, खरं सांगा. पुण्यात सगळे नुसतं छान छान म्हणतात."

खरं सांगायला मला कधी वेळ लागलाय? पोस्टर निम्मं काळं. कोपऱ्यात एवढंसं चाक. अक्षरं तिरकी, एकावर एक चढलेली. मी म्हटलं, "हे सिनेमाचं हाय का कुणाच्या तेराव्याचं? सायकलवरला माणूस पोस्टर किती वेळ बगतो? टोपी सावरंपत्तर. तेवढ्यात त्याला म्हातारी दिसाय पायजे." हँडबिलावर लिहिलं होतं, 'एक प्रयोग, एक दृश्य-अनुभव'. "प्रयोग म्हणलं की लोक येत्याल, करवतीनं बाई कापणारा जादूगार कुटं हाय म्हणून विचारत्याल." पोरगी हसली. रडेल असं वाटलं होतं, पण हसली. "मग काय लिहू?" "लिही, आपल्या गल्लीतली म्हातारी पडद्यावर. या बगायला." तिनं तिथंच खोडून तसं लिहिलं. पोस्टर मीच काढावं म्हणाली आणि आजीचा फोटो पुढं केला. मोकळ्या कपाळाची म्हातारी, मान जरा वाकडी, नजर थेट आपल्यावर. मी विचारलं, "हाय का गेली?"

पोरगी पिशवीचा बंद बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "हाय की."

म्हणून डोळे समोर काढले. थिएटरच्या बॅनरवर तुम्ही काढायचात तसे, रस्त्याच्या त्या टोकापासून तिकिटाच्या खिडकीपर्यंत माणसाच्या मागं येणारे. चौकटीवर ताणलेल्या कापडावर चौकडी आखून, कोळशानं बाह्यरेघा, शेवटी डोळे. बरे जमले. बरे म्हणजे इतके जमले की त्या संध्याकाळी दुकानाला कुलूप लावताना मी फळी ओढली आणि उगीचच "येते हं" म्हणाले. कुणाला म्हणाले ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या ओठावर धागा चिकटलेला. लाल सुताचा, बोटभर. रंग ओला, त्यामुळं पक्का बसलेला. माझ्या गल्लीत लोहार आणि बैलगाड्यांची चाकं करणारे. माग कुठला नाही. टाचणीनं काढला, रंग सारखा केला. पुढच्या सकाळी पुन्हा धागा, पुन्हा ओठावरच. मी उंदरांना शिव्या दिल्या. उंदीर कशाला सूत आणून म्हातारीच्या ओठाला लावतील? पण शिव्या देऊन बरं वाटतं. पोरगी पोस्टर बघायला आली तेव्हा तिला म्हटलं, "तुज्याच कपड्याला लागून येतंय हे." "मी फोटो दिला त्यानंतर आजच येतेय, मावशी." तिनं तो धागा बोटाला गुंडाळून घेतला. "अव्वा गाठ मारताना धागा ओठात धरायची," म्हणाली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. धरायची म्हणाली ती. पण मला अक्षराच्या सावलीची घाई होती.

त्याच दिवशी तिचा बाप आला. यंत्रमागावरचा माणूस, केसांत सूत, मागाच्या खडखडाटात राहून मोठ्यानं बोलायची सवय. "अक्का, हिचं अजून एक वर्स राहिलंय. तिकडं भिवंडीचं स्थळ आलंय, पोरगा चांगला हाय. लोक म्हणत्यात, पोरगी नट्यांत गेली. मला सिनेमातलं कायबी कळत न्हाई. तुमी कुणाची भीड धरत न्हाई म्हणून आलो. रविवारी बगा. ह्यात कायतरी हाय म्हणलात तर पाठवतो. न्हाई म्हणलात तर माघात लगीन लावून मोकळा होतो." "मी काय तुज्या पोरीची मामी लागते?" "मामी असती तर खोटं बोलली असती," म्हणाला. घ्या. पोरीचं सगळं माझ्या गळ्यात घालून उभा. बोलताना त्यानं पोस्टरकडं एकदाही बघितलं नाही. आणि निघाला तो उलटा, एक एक पाऊल मागं टाकत, देवळातून निघतात तसा, चित्राला पाठ न दाखवता. मला वाटलं, लाजरा माणूस आहे.

रविवारी हॉल भरला. बायका पुढं सतरंजीवर, पुरुष मागं खुर्च्यांवर, मशीनचा आवाज मागाहूनही मोठा. पडद्यावर म्हातारी चाक फिरवते. फिरवतच राहते. मग एक कावळा उडतो, कशाला उडतो कुणास ठाऊक. गिरणीचा भोंगा वाजतो, परत वाजतो. पोरं कंटाळून भांडायला लागली, एका बाईनं शेंगा सोलायला काढल्या. मी मनात हिशेब मांडत होते, हे कापा, ते कापा. आणि म्हातारीचं सूत तुटलं. तिनं धागा ओठात धरला, गाठ मारली, धागा सोडला, आणि मान वर करून सरळ आमच्याकडं बघितलं. मी रंगवले होते तेच डोळे, आप्पा. मी रंगवले त्याआधीचे, पण तेच. म्हणाली, "बुव्वा तिन्नवा?" जेवलीस का, जेवलास का, दोन्हीला त्यांच्या तेलुगूत हेच. कॅमेऱ्यामागं नात उभी होती, तिला विचारलं असणार. पण मागच्या खुर्च्यांवरून त्या विणकराचा आवाज आला, हळू, घरातल्यासारखा.

"तिन्न, अव्वा."

कुणी हसलं नाही. शेंगांचा आवाज थांबला. मला मात्र गंमत वाटली, शेजारच्या बाईला कोपर मारून विचारलं, "म्हातारी कुटं बसलीय? दाव की." "कोण म्हातारी?" "हीच की, पडद्यावरची." "ती गेली की, अक्का. दिवाळीच्या आदीच गेली."

मी वळून दाराकडं बघितलं. हॉलच्या दारात माझं पोस्टर उभं होतं, तोंड आत करून, सगळ्यांवर नजर ठेवून. रस्त्याकडं तोंड करून लावलेलं ते आत कुणी वळवलं होतं, विचारलं तर जो तो दुसऱ्याचं नाव सांगायचा.

दिवे लागले. बाप समोर येऊन उभा राहिला, मागं निम्मा समाज. "सांगा अक्का." पोरगी मशीनपाशी रीळ गुंडाळत होती, बघत नव्हती, पण तिचे हात थांबले होते. मला तिचा संताप आला होता. खोटं बोलून माझ्या हातून नको ते करून घेतलं. एक शब्द टाकला असता की भिवंडी. मी बापाला विचारलं, "तू मघाशी उत्तर कुणाला दिलंस?" "कसलं उत्तर?" "तुज्या आईनं इचारलं, जेवलास का. तू म्हणलास, जेवलो." "मी? मी कुटं बोललो?" शेजारची बाई म्हणाली, "बोललास की रं, समद्यांनी ऐकलं." तो सगळ्यांच्या तोंडाकडं बघत गेला आणि खुर्चीवर बसला. कुणीतरी पाणी दिलं.

मग मी सांगितलं. चाक निम्मं कापा. कावळा काढा. भोंगा एकदा पुरे. हँडबिल वेळेत वाटलं असतं तर पोरं कमी आणि माणसं जास्त आली असती. "आणि पोरीला पाठव." "म्हंजी चांगला हाय?" "चांगला-वाईट मला इचारू नको. पाठव म्हणले ना."

तिला बाजूला घेतलं. "खोटं बोललीस." "व्हय." "का?" "तुम्ही डोळे दाराकडं काढले असते, मावशी. सगळ्यांना ठाऊक आहे तुमचं. शेवटी शेवटी ती सारखी दाराकडंच बघायची. मला नको होतं तसं." मी पिशवीतून ब्रश काढला, डोळे तिथल्या तिथं वळवायचे म्हणून. तर बाप उठून आला. "ऱ्हाऊ द्या अक्का. घरी न्हेतो." दुकानात ज्यानं मान वर केली नव्हती, तो ते पोस्टर दोन्ही हातांत धरून, त्याचं तोंड आपल्याकडं करून, रस्ता न बघता चालत गेला. पोरगी सायकल धरून मागं.

माघ येऊन गेला. पोरगी पुण्याला आहे. बापानं पोस्टर मागासमोर टांगलंय. ताटातबिटात बघते का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बगती की. म्हणून येळेवर जेवतो."

आप्पा, त्या माणसाचा मला हेवा वाटला. तुमची तसबीर मीच काढली, तुमच्याच नियमानं. तुम्ही खिडकीबाहेर बघता. मी भाकरी करते, पाट्या लिहिते, गिऱ्हाइकांशी भांडते, केस पांढरे झाले, आणि तुम्ही खिडकीबाहेर. समोरच्या लोहाराची भट्टी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितली असेल. काल दुपारी दुकानाची फळी लावली, तुम्हाला खाली उतरवलं आणि डोळे पुसले. पुसल्यावर थोडा वेळ तुम्हाला डोळेच नव्हते. तेवढा वेळ मी खिडकीबाहेर बघितलं. मग नवे काढले. समोर. ताट घेऊन तुमच्यासमोर बसले आणि जेवले, बघा म्हटलं, मीठ बरोबर आहे.

हे कागद पोस्टात टाकायचे नाहीत, पत्ता काय घालू? चौकटीच्या मागं खोचून ठेवते. एक गोष्ट शेजारच्या लोहारणीला मी वेगळी सांगितली. आज सकाळी ती दुकानात डोकावली आणि म्हणाली, "आज काय, ब्रश धुतलाय व्हय?" डोळ्याचा ब्रश डब्यात उभा होता, केसांना साबण लावलेला, टोक सुईसारखं. मी म्हटलं, "व्हय, कधीतरी धुतेच की."

तुम्हाला सांगते. मी धुतला नव्हता.