सळी धरून

४ मार्च

आलो एकदाचे, मी आणि आत्या! गच्चीखालच्या दोन खोल्या, भरपूर उजेड, आणि चष्म्याचं दुकान पायी जाण्याइतकं जवळ. तिथे दिवसभर काचा बदलून लोकांना विचारायचं, आता स्पष्ट दिसतंय की मघाशी? आत्याला वर आणताना हमालांची दमछाक झाली. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती खुर्चीतच असते; जिभेला मात्र काही झालेलं नाही. मला वाढवलं तिनंच, आणि माझं तोंड बंद नसतं म्हणून टिटवी हे नावही तिनंच ठेवलं. स्वतः काय मौनात असते?

मालकांनी जुना टीव्ही ठेवलाय. मी दुकानात गेल्यावर तिला तेवढीच सोबत. पण लावला तर नुसत्या मुंग्या.

६ मार्च

अँटेनावाला येऊन गेला. म्हणाला, तार ठीक आहे, इथे सिग्नलच कमी येतो. आधीचा भाडेकरू म्हणे भर उन्हात अँटेनाची सळी धरून गच्चीवर उभा असायचा. गल्ली त्याला वेडा म्हणायची.

तो गेल्यावर मीही धरून पाहिली. खिडकीतून आत्या ओरडली, चित्र लख्ख आलं. सोडली की मुंग्या. लग्नाला नाही तर निदान अँटेनाला तरी उपयोगी पडलीस, म्हणाली. आता मी सळी जरा फिरवून दोरीनं आवळून टाकलीय. बऱ्यापैकी दिसतं.

९ मार्च

एका चॅनेलवर एक खोली दिसते. आत्यानं दाखवली तेव्हा हसूच आलं, कारण ती आमचीच खोली आहे. खुर्चीत आत्या, शेजारी मी. आणि मागे दारात एक उंच माणूस, भिंतीकडे तोंड करून.

मी वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. सिग्नलचा घोळ असणार, असं मी म्हटलं. आत्या एरवी अशा वेळी चार शब्द सुनावते. आज नुसतं म्हणाली, दार लावून घे.

११ मार्च

वाऱ्यानं सळी फिरली. मुंग्या आल्या. मी गच्चीवर धावत जाऊन ती सरळ केली, खाली आले, तर पडद्यावरचा माणूस दारातून पलंगापाशी आलेला. चित्र स्वच्छ असलं की हलत नाही. मुंग्या आल्या की सरकतो. पाहिलं मी, दोनदा.

टीव्ही बंद केला. राहवेना म्हणून परत लावला. तो आत्याच्या खुर्चीमागे होता. तोंड आता भिंतीकडे नव्हतं.

आत्या म्हणते, मानेला गार लागतंय.

१२ मार्च

तिला खुर्चीसकट उतरवायचा प्रयत्न केला. पहिल्याच पायरीला ती कळवळली. माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही. हमाल उद्या संध्याकाळी येतो म्हणालेत.

अँटेनावाल्याला गाठलं. त्या वेड्या भाडेकरूची बायको अंथरुणाला खिळलेली होती. तिचं पुढे काय झालं, विचारलं. तो दुकानाचं शटर ओढायला लागला.

वारा वाढलाय. दोरी टिकत नाही.

१३ मार्च, दुपार

गच्चीवर. सळी डाव्या हातात, वही गुडघ्यावर. लिहिलं नाही तर रडायला लागेन. टीव्हीचं तोंड खिडकीकडे आहे, पण इथून दिसत नाही. मधूनमधून ओरडून विचारते, दिसतंय का? आत्या ओरडते, दिसतंय. म्हणजे तो हललेला नाही. हमाल येईपर्यंत असंच काढायचं. हात गळून गेला तरी.

घाबरलीय ती. मला खाली ये असंही म्हणत नाही, एवढी घाबरलीय.

संध्याकाळ

हमाल नाहीत अजून. हात बधिर. विचारलं. आत्या म्हणाली, दिसतंय —

समोरच्या दुकानाची पाटी विझली. पिठाची गिरणी पण थांबली. सगळी गल्ली —

वीज गेलीय. वीज गेली की आत्या आधी वीजवाल्यांचा उद्धार करते. आज एक शब्द नाही —

आत्ता विचारलं. खालून तिचाच आवाज, लगेच, गोड:

"स्वच्छ दिसतंय, टिटवे. तिथंच उभी राहा. खाली येऊ नकोस."

टीव्ही बंद आहे. आत्या, मी येतेय, सळी सोडली मी, मी जिन्या —