दोनदा भरलेलं बिल

बाबा, काल एका जेवणाचं बिल दोनदा भरलं गेलं आणि त्यात सगळी चूक तुमची आहे. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, तरी तुमच्या खोडी अजून माझ्या खिशाला चाट लावतात.

चिखलीच्या बाजारात तुमचं अडतीचं दुकान होतं तेव्हा बाहेरगावचे व्यापारी तूर घ्यायला यायचे, आणि भाव बोलायच्या आधी तुम्ही त्यांना बसस्टँडजवळच्या खानावळीत न्यायचात. शाळा सुटली की मीही तिथंच. जेवण अर्ध्यावर येतं आणि तुम्ही "हात धुऊन येतो" म्हणून उठता. ताटात भाकर उरलेली, तोंडात घास, आणि हा माणूस हात धुवायला निघाला! मला वाटायचं, माझे बाबा फार स्वच्छ आहेत. मग शेवटी सेठ पाकीट काढायचे, गल्ल्यावरचा माणूस हसून तुमच्याकडं बोट दाखवायचा आणि सेठ कपाळाला हात लावायचे. सारखं आपणच काऊन द्यायचं, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "बाई, ज्याचं जेवलं त्याच्यापुढं भावाले जीभ उचलत नाही. म्हून आपण चारायचं, अन् मंग मोकळ्यानं बोलायचं." टिपेचा हिशेबही तुमचा जगावेगळा. टक्के-बिक्के नाहीत, जितक्या भाकरी खाल्ल्या तितके रुपये, आणि तेही आत चुलीपाशी जाऊन, भाकरी थापणारीच्या हातात. बडीशेपेच्या बशीतला पैसा चुलीपर्यंत पोचत नाही, असं तुमचं म्हणणं. मी चार खाऊन तीन सांगितल्या, तेव्हा केवढे रागावला होतात माझ्यावर.

आता चिखलीजवळच्या उंद्रीला माझी छोटी डाळ मिल आहे, बाबा. अकरा बाया कामाला आहेत. काल पुण्याच्या एका कंपनीचे खरेदी करणारे साहेब आले होते. किलोमागं चारेक रुपये वाढवून मिळाले नसते, तर दोघींना घरी बसवावं लागणार होतं, आणि कोणत्या दोघी हे मला ठरवायचं होतं. आठ दिवस मला नीट झोप नव्हती. मिल दाखवून झाल्यावर साहेबांना रस्त्यावरच्या ढाब्यावर नेलं. शेवभाजी, ठेचा, ज्वारीच्या भाकरी. साहेब घाम पुसत जेवतायत, मध्येच "एक फोन करून येतो" म्हणून बाहेर जाऊन येतात. ते बसले तशी मी "हात धुऊन येते" म्हणून उठले आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकिणीला रोख पैसे दिले. परत येऊन भावाचं तोंड उघडणार, तेवढ्यात मालक नोटा घेऊन हजर. "ताई, घोळ झाला नं! साहेबाईनं मघाच मोबाईलवरून पैसे टाकले, अन् आमच्या मंडळीनं तुमच्यापासूनबी घेतले. आता कोनाचे वापस करू?"

साहेब ओशाळले. "आमच्याकडं नियम आहे हो, माल देणाऱ्याच्या पैशानं जेवायचं नाही. निम्मं-निम्मं करू या, फोनवर लगेच होतं." निम्मं! तुम्ही असतात तर तिथंच चक्कर येऊन पडला असतात. पण माझीही पंचाईत झाली, कारण आता त्यांचंही माझ्या पोटात गेलं होतं. शेवटी म्हटलं, लपवायचं कशाला, आणि तुमचा नियम त्यांना सरळ सांगून टाकला. ते इतके हसले की ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "म्हणजे आता दोघांचीही जीभ मोकळी. बोला, ताई." मी चार म्हटलं, ते दोनवर अडले, मी मिलमधल्या बायांचं सगळं सांगितलं आणि गाडी साडेतीनवर थांबली. साडेतीनात अकराही जणी राहतात. मी मनात दोनदा मांडून पाहिलं.

मालकाच्या हातातल्या नोटा दोघांपैकी कुणीच घेईना. मग साहेबांनी सहा भाकरी कबूल केल्या, मी चार, आणि ते पैसे घेऊन मी आत गेले. भाकरीमागं पन्नास रुपये पडले, बाबा. इतका भाव तुमच्या काळात कुण्याच बाईला मिळाला नसेल. भाकरी थापणारी म्हणाली, "माय वं! भाकरीत सोनं निंघालं का?" मिलवर येऊन सांगितलं तेव्हा जो गलका झाला, त्यात पन्नाशीला टेकलेली मी पण नाचून घेतलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि तुमचा पत्ता नाही एवढंच त्याचं कारण नाही. पुण्याच्या नोकरीचा कागद आला तेव्हा तुम्ही मला बुलढाण्याला जेवायला नेलं होतं. मी जाऊ नये, अडत सांभाळावी, असं तुमच्या मनात होतं आणि तेच तुम्ही तिथं बोलणार होतात. आईनं मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. जेवण अर्ध्यावर आलं आणि तुमच्या आधी मी उठले, शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांतून बिल भरून आले. कळल्यावर तुम्ही हसलात, "शिकली बाई माही," म्हणालात, आणि पुढं घर येईपर्यंत त्या विषयावर एक शब्द काढला नाहीत. बाबांना दिलेली ती माझी पहिली मेजवानी, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगते. ती मेजवानी नव्हती, बाबा. तुम्ही "जाऊ नको" म्हणाला असतात तर माझा पाय निघाला नसता, म्हणून मी तुम्हाला माझ्या पैशानं जेवू घातलं.