'टक्' असा आवाज ऐकू आल्यावरच चढावे

ती. मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. डाव्या पायाला प्लास्टर आणि कमरेला पट्टा असल्यामुळे एकदा वाकलो की मला सरळ करायला दोन माणसं लागतात, आणि घरात सध्या तुमची भाचेसून एकटीच आहे, तीही चिडलेली.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? तुमची शाळा सुटली तरी लाल पेन सुटलेलं नाही, तेव्हा या पत्रातल्या चुका परत येतील हे धरूनच लिहितो.

तर मी पडलो. आमच्याच कंपनीच्या घडीच्या शिडीवरून पडलो, जिची माहितीपुस्तिका मीच लिहिली आहे. माळ्यावरची सूटकेस काढायला चौथ्या पायरीवर गेलो आणि शिडीने मला न विचारता स्वतःची घडी घातली. सूटकेस रिकामी होती, याचं मला पायापेक्षा जास्त दुःख आहे. ही धावत आली आणि पहिलं काय विचारलं, तर "पुस्तिका वाचली होती का?" मग हिने आपल्या मैत्रिणीला, म्हणजे वकीलबाईंना, बोलावलं आणि कंपनीवर सदोष मालाचा दावा ठोकला. मी नको नको म्हणत होतो, पण प्लास्टरमधल्या माणसाचं घरात कोण ऐकतं?

कंपनीचं उत्तर एका ओळीचं आहे. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत छापलंय: खटका बसल्याचा 'टक्' असा आवाज ऐकू आल्यावरच चढावे. वाक्य माझंच. कोर्टात कंपनीच्या वकिलांनी (फार सभ्य गृहस्थ, मला खुर्ची त्यांनीच दिली) विचारलं, ही सूचना वाचली होती का? मी म्हणालो, नाही, फक्त लिहिली होती. न्यायाधीशबाईंनी लगेच चष्मा पुसायला घेतला. मग त्या वकिलांनी विचारलं, सूचना स्पष्ट आहे असं वाटतं का? मामा, अकरा वर्षांत माझ्या लेखनाबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नव्हता! मी फुलून गेलो. अत्यंत स्पष्ट आहे, शेंबड्या पोरालाही कळेल, असं छातीठोकपणे सांगितलं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. स्वतःविरुद्ध साक्ष देऊन आलोय, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

मामींना नमस्कार. प्लास्टर निघालं की प्रत्यक्ष येऊन वाकेन.

आपला,
सध्या आडवा असलेला भाचा

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. माझी शिडी कंपनीची माणसं तपासायला म्हणून घेऊन गेली, ती गेलीच. पुराव्याला तशीच दुसरी हवी. तुमच्या निवृत्तीला मी दिलेली शिडी पाठवाल का? आणि तोवर तिच्यावर चढू नका. 'टक्' वाजलं तरी चढू नका. माझ्या वेळी स्पष्ट वाजलं होतं.

आणखी एक ता. क. : खटका वाजतो, पण कधीकधी बसत नाही, हे आमच्या इंजिनिअरने पुस्तिका छापण्याआधीच मला सांगितलं होतं. खटका बदलायला सहा महिने लागले असते, वाक्याला पाच मिनिटं लागली. ते लिहिल्यावर मी तुम्हाला शिडी दिली, मामा, आणि पुढे स्वतःही चढलो. आपल्याच वाक्यावर माझा विश्वास बसला होता. पुढच्या तारखेला हे सगळं सांगणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. पण आधी तुम्हाला सांगायचं होतं. फार लाज वाटते.

शेवटचं : पत्र पोचायला चार दिवस लागतील या विचाराने घाम फुटला, म्हणून आत्ताच मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, शिडीवर पहिल्या दिवसापासून कपडे वाळत घालतो. तुम्ही म्हणे त्या दिवशीच पुस्तिका तपासली आणि तिसऱ्या पानावर लाल शाईने शेरा मारलात : 'लेखकाला स्वतःलाच खात्री दिसत नाही. चढू नये.' ते पान शिडीबरोबर जरूर पाठवा, वकीलबाईंना हवंय. खाली दहापैकी किती दिलेत, तेवढं मात्र कृपा करून खोडा.