माझ्या मापाचं धनुष्य

३ नोव्हेंबर
तिरंदाजी सुरू करायचा निर्णय पक्का. कारण: खांदे. खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून जाम झालेत. विपुलशी याचा काही संबंध नाही. मुलगा तिरंदाज होता आणि दोन वर्षांपूर्वी गेला, म्हणून बापाने धनुष्य हातात धरूच नये असा नियम आहे का?

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा
गच्चीवर पुन्हा तो आवाज. ताणलेली दोरी सुटावी तसा. कपडे वाळवायची तार असणार. उद्या काढतो.

४ नोव्हेंबर
तार काढली. सुनेत्रा म्हणाली, आता कपडे काय तुमच्या डोक्यावर वाळवू? बायकोला दूरदृष्टी नाही.
सहाला आवाज आला. म्हणजे शेजाऱ्यांचा डिश अँटेना.

७ नोव्हेंबर
इथल्या गोरखपूर बाजारात आल्हाद भेटला, विपुलचा कोच. म्हणाला, काका, आधी ड्रॉ लेंथ बघा, दोरी किती मागे येते ते. हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा, अडीचने भागा. त्यावरून धनुष्याची लांबी ठरते. एकदम सिंपल.

८ नोव्हेंबर
सुनेत्राने टेप धरली. पासष्ट इंच. म्हणजे ड्रॉ सव्वीस. नॉन्सेन्स! तिला मोजता येत नाही. मी आयुष्यभर इन्स्पेक्शनमध्ये होतो. आमच्याकडे नवा नग मास्टर पीसशी ताडून बघायची पद्धत.
विपुलची फुल बाह्यांची जर्सी पलंगावर पसरली. बाहीपासून बाहीपर्यंत मोजलं. वर त्याचे पंजे धरले, ते मला पाठ आहेत. साडेबहात्तर. ड्रॉ एकोणतीस. बाप-लेकाची हाडं सारखीच. हेच माझं खरं माप, रिटायरमेंटमुळे जरा आकसलोय इतकंच.

११ नोव्हेंबर
ऑर्डर दिली. लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, अडुसष्ट इंची, दोरीचा ताण अडतीस पाउंड. आल्हाद फोनवर म्हणाला, अरे काका, ये तो विपुलवाला सेटअप है, तुम्हाला बासष्ट इंची आणि वीस पाउंड पुष्कळ झालं. आजकालची पोरं वडीलधाऱ्यांना कमी लेखतात. फोन ठेवला.
सहाला आवाज. अँटेनावाल्या शेजाऱ्यांकडे तक्रार केली. त्यांनी अँटेना गेल्या वर्षीच काढलाय म्हणे.

१९ नोव्हेंबर
धनुष्य आलं. दोरी चढवतानाच घाम फुटला. गच्चीवर जाऊन ओढली. कोपर निम्म्यातच थरथरायला लागलं, दोरी हनुवटीपर्यंत आलीच नाही. नवीन लाकूड आहे, सैल होईल.
मागे सुनेत्रा उभी. म्हणाली, अहो, हे विपुलच्या हाताचं आहे. काहून ओढून राहिले?
मी म्हटलं, खांद्यांसाठी.
मग तिने विचारलं, सहाचा आवाज तुम्हालाही येतो ना? मी म्हटलं, कसला आवाज. ती म्हणाली, मी तर दोन वर्षं ऐकून राहिली, विपुलच्या सरावाच्या वेळेला. कपडे काढायला रोज सहालाच काहून वर येते मी? आणि तुम्ही तारच काढून टाकली.
फार रडू आलं. खांदा दुखत होता, म्हणून.

२० नोव्हेंबर
तार परत बांधली. कपडे वाळत घातले. धनुष्य कठड्याला टेकवून दोघं सहाच्या आधीच वर जाऊन बसलो.
सहा वाजून गेले. आवाज नाही. डास फार. सुनेत्रा म्हणाली, येईल.
अंधार पडला. कपडे कधीचे वाळलेत. कोणी उठून काढले नाहीत.