शिशाची वीट धाकट्या भावाला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, अणुकेंद्रकांचे आयुष्य मोजण्याच्या कामातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. मी शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मी संतापलेली असल्याचा दाखला त्यांनी मागितला नाही. तो पुढे मिळेलच. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. घर. हे दोन मजली घर आईने माझ्या एकटीच्या नावावर केले. वर मी राहते, खाली धाकटा भाऊ आणि भावजय. खाली मारहाण सुरू झाली की मी फरशीवर काठी आपटते आणि तो थांबतो. काल मी तपासणीसाठी इस्पितळात होते. काठी आपटायला कोणी नव्हते. त्याने तिचे मनगट मोडले.

"ताई, कपाटाचं दार लागलं," ती म्हणाली. मनगट पिरगळणारे दार मी अजून पाहिलेले नाही. नंतर जिन्यातून त्याचा आवाज आला, "ताई गेली की घर माझंच आहे. मग बघतो तुझ्याकडे." माझी फुप्फुसे गेली आहेत, कान शाबूत आहेत.

म्हणून संपूर्ण घर, वरचे आणि खालचे, सर्व किल्ल्यांसह भावजयीला, तिच्या एकटीच्या मालकीचे. भावाचा त्यावर काडीचाही हक्क नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते भावजयीच्या वकिलासाठी. वकील तिने निवडावा, आणि तो भांडकुदळ असावा.

कलम ३. माझी बोटे. ही कोणाला देता येत नाहीत, पण त्यांची हकीकत इथे नोंदवते, कारण आजवर ती कुठेच नोंदलेली नाही.

भाऊही आमच्याच प्रयोगशाळेत होता; तो कागदावर सिद्धांत मांडून तारे फोडायचा, मी यंत्रावर मोजायची. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, चिंधड्या उडतात, आणि त्या राड्यात अणुकेंद्रके न्यूट्रॉन गिळत फुगतात. मग ढासळत ढासळत त्यांचे सोने होते, प्लॅटिनम होते. सोने गुण्यागोविंदाने तयार होत नाही. फुगलेले केंद्रक ढासळण्याआधी किती टिकते, त्यावर सोने किती हे ठरते. भावाच्या सिद्धांतासाठी त्यातले एक केंद्रक बराच वेळ टिकायला हवे होते. मी ते यंत्रात तयार केले. पापणी लवायच्या आत ते ढासळायचे. किती आत, हेच मोजायचे होते.

मोजणाऱ्याच्या मनातली इच्छा आकड्यात शिरते. म्हणून प्रयोगशाळेच्या ग्रंथपालबाई मोजमापात एक गुप्त आकडा मिसळून ठेवत. आम्ही आंधळेपणाने काम पुरे करायचे, मग सगळ्यांसमोर त्या तो वजा करून खरा आकडा उघडायच्या. उघडलेल्या आकड्याला नंतर कोणी हात लावायचा नाही, हा आमचा नियम.

आकडा उघडला. भावाला हवा होता त्याच्या निम्माही नव्हता. त्याची उमेदीची सगळी वर्षे मातीत गेली. तो अगदी हळू म्हणाला, "ताई, परत मोज."

"उघडलेला आकडा झाकता येत नाही," मी म्हटले.

किरणे अडवायला आम्ही शिशाच्या विटांची भिंत रचत असू. त्याने त्यातली वीट एका हाताने उचलली आणि माझ्या डिटेक्टरवर घातली. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा मध्ये माझा उजवा हात होता. दोन बोटे टेबलावरच राहिली. रक्त त्याच्या बुटांवर पडत होते आणि तो म्हणत होता, "मागे घे. आकडा मागे घे." मी तो डाव्या हाताने टाइप करून छापायला पाठवला. तो आजही उभा आहे.

आई इस्पितळात म्हणाली, "भिंत कोसळली म्हण. आपल्यातलं आपल्यात राहू दे." वर्षभरात घर माझ्या नावावर झाले. कशाबद्दल, ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आई, ते घर मी देऊन टाकले आहे आणि तोंड उघडले आहे.

कलम ४. तारा जोडायला डाग देण्याची हत्यारे, चिमटे, घड्याळे प्रयोगशाळेला. काठी भावजयीला. ती फरशीवरच आपटावी असे बंधन नाही.

कलम ५. वाचन. व्यवस्था ग्रंथपालबाईंनी पाहावी. मी गेल्यावर या मृत्युपत्राचे पाकीट खालच्या दिवाणखान्यात, पुढचे दार सताड उघडे ठेवून, भावजयीच्या दोन्ही भावांसमोर उघडावे. तोवर कोणाला काही कळू नये. धाकटा "परत वाच" म्हणेल. खुशाल वाचावे. नियम त्याला ठाऊक आहे.

कलम ६. ती वीट माझ्या पलंगाखाली आहे. ती भावाला. तेव्हा त्याने एका हाताने उचलली होती. या वयात दोन्ही लागतील. भावजयीने त्याला घर सोडायला सांगताच बाईंनी ती तिच्या भावांकरवी आधी त्याच्या हातात द्यावी आणि मग त्याला दार दाखवावे, म्हणजे तिच्यासमोरून जाताना त्याचा एकही हात मोकळा राहणार नाही.

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल, वरचा मजला.
दिनांक: भावजयीच्या हाताला प्लास्टर घातले, त्याचा दुसरा दिवस. आकड्यातली तारीख डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे.

साक्षीदार, दोघांनीही मला सही करताना पाहिले:
१. डॉक्टर
२. ग्रंथपालबाई

सही: डाव्या हाताची. कारण कलम ३.