सोललेल्या डोक्याचा फोटो

ती. शिवप्पाअण्णास मुखेडहून नागाबाईचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा हाय? वहिनी बऱ्या असतील. माझं विचारू नका, वाचा.

पत्र लिहायचं कारण, माझा फोन सूनबाईनं काढून घेतलाय. हे सगळं तुमच्या लेकीमुळं, अयोध्येमुळं. डोकं लई दुखतंय म्हणून लातूरला माझा एमआरआय काढला (नळकांड्यात निजवतात अन् वरून पत्रे बडवल्यागत आवाज), तवा कॉलेजच्या कामाला पाहिजेत म्हणून पोरीनं ते फोटो मागितले. दिले. तिनं म्हणे कॉम्प्युटरला शिकवलंय, फोटोतली कवटी आपोआप सोलायची अन् मेंदू तेवढा ठेवायचा. त्या मेल्यानं कवटी सोलली, तिच्यासंगं कपाळामागचा मेंदूबी सोलला. आमची सूनबाई बटाटा सोलते तसं, निम्मा बटाटा सालीत. अन् पोरीनं गंमत म्हणून तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, आत्याचा मेंदू.

झालं. मालकांनी बाजारच्या दिवशी साऱ्या मुखेडला दाखवला (लग्नापासूनच संशय होता, म्हणाले). कोठीच्या किल्ल्या सूनबाईच्या कमरेला गेल्या. बाया केळी घेऊन भेटायला येऊन राहिल्या, अन् मी बहिरी असल्यागत कानाशी वरडतात. शेजारची उमाबाई माझ्यादेखत मालकांना विचारते, हिला माणसं ओळखू येतात का? मी म्हणलं, येतात की, माझं पातेलं नेऊन परत न देणारी तूच. तर म्हणते, बघा, काहीबाही बरळतेय.

डॉक्टरनं खरा फोटो बघून सांगितलंय, मेंदू शाबूत हाय, झोप पुरत न्हाई म्हणून डोकं दुखतं. पण डॉक्टरचा कागद इथं वाचतं कोण? फोटो सगळ्यांना दिसतो. तवा अयोध्येला सांगा, चूक कॉम्प्युटरची हाय असं ग्रुपवर लिही अन् पुरा मेंदू टाक. माझ्या किल्ल्या मला पाहिजेत.

तुमची,
नागाबाई

ता.क. लगेच टाकायची घाई करू नका. या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला बसल्या जागी गरम भाकर मिळून राहिली. दुपारी निजते, कुणी उठवत न्हाई. डोकंबी दुखायचं थांबलंय. सोयाबीन घरात येईस्तोवर मेंदू हाय तसा राहू द्या.

आणखी ता.क. पत्र आल्याचं कुणाला बोलू नका. मेंदू गेलेली बाई एवढं लिहिते म्हणल्यावर उद्याच हातात विळा देतील.