हनुवटी वर केली म्हणजे नाही

३ मार्च १९८३

अमेरिकन साहेब आला. मी त्याला नाही म्हटलं. तो हसला, माझा हात धरून गदगदा हलवला आणि गेला. नकार ऐकून एवढा खूश झालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही.

मी बोलते, पिना लिहिते. पिना म्हणजे माझी सून. मला अक्षर येत नाही. कागदावर मी फुली मारते, आजवर तेवढ्यावर भागलं. (पिना, मी बोलते तेच लिही. मध्ये स्वतःचं शहाणपण घालू नकोस.)

४ मार्च

सकाळी शेतात गेले तर लाल खुंट्या! विहिरीपासून थेट कॅरोबच्या शेंगांच्या झाडांपर्यंत, सरळ रेषेत. जुन्या विमानतळावर अमेरिकनांची रॉकेटं यायची आहेत, त्यांच्या ट्रकांना रस्ता हवा. तो म्हणे माझ्या शेतातून. विहीर बुजणार, झाडं जाणार. रस्त्याच्या कामाचा मुकादम म्हणतो, "म्हातारे, तूच काल सर्वांदेखत हो म्हणालीस. कागद मागाहून येईल, त्यावर फुली मार."

मी हो म्हणाले?

पिनाच्या डोक्यात प्रकाश पडला. मी काल तोंडाने काही बोललेच नव्हते. हनुवटी वर उचलली आणि जिभेने टक् केलं. आमच्या सिसिलीत तान्ह्या पोरालाही कळतं, हे म्हणजे नाही. आणि पक्कं नाही, पुन्हा विचारू नकोस असं नाही. साहेबाला वाटलं, म्हातारी मान डोलावतेय. दुभाषा होता सोबत, पण तो पार उत्तरेकडच्या मिलानचा. तिकडचे लोक नाही म्हणायला डोकं आडवं हलवतात, बैलाच्या नाकाशी माशी आल्यासारखं. शिवाय तो गाडीला टेकून सिगरेट ओढत होता.

सगळं जग जाळायची वस्तू या लोकांच्या हातात, आणि यांना म्हातारीची हनुवटी कळत नाही. उद्या त्या रशियनाने हनुवटी वर केली तर?

६ मार्च

जेवताना पेप्पेशी वाजलं. पेप्पे माझा मुलगा, पिनाचा नवरा. विमानतळावर काँक्रीटचा ट्रक चालवतो. मला समजावत होता. रशियाने रॉकेटं आमच्याकडे तोंड करून ठेवलीत, म्हणून अमेरिका इथून त्यांच्याकडे तोंड करून ठेवणार. मग भीतीने कुणीच उडवणार नाही.

"कुणी उडवणारच नाही, तर माझी विहीर कशाला बुजवता?"

तो पाव मोडत राहिला. मग मी विचारलं, उडवलंच तर पहिलं कुठे पडेल?

"जिथे रॉकेटं आहेत तिथे," म्हणाला. खाली बघून.

"म्हणजे आपल्या डोक्यावर. आणि ते नीट पडावं म्हणून तू जमीन सारवून देतोस."

चमचा ठेवून उठला. जाताना म्हणाला, "आई, या गावात दुसरं काम दाखव, उद्या सोडतो." मी त्याचं ताट झाकून ठेवलं. (हेही लिही. लिहिलंस? बरं.)

११ मार्च

मुकादमाकडे तिसऱ्यांदा गेले. हसतो नुसता. एकोणिसाला काँक्रीट ओतणार म्हणे.

एकोणीस! त्या दिवशी संत जोसेफचा सण. पेप्पे लहान असताना तापाने फणफणला होता, तेव्हा मी संताला नवस बोलले होते, हा वाचला तर दरवर्षी तुझं ताट मांडीन. वाचला. मांडते. गावातली तीन गरीब माणसं जोसेफ, मारिया आणि बाळ येशू होऊन दार ठोठावतात, आपण त्यांना बसवून वाढायचं. त्यांनी प्रत्येक पदार्थ चाखून, उठतो असं म्हणेपर्यंत ताटाला कुणी हात लावायचा नाही. टेबल हलवायचं तर नावच नको.

ताट घरातच मांडावं असं कुठे लिहिलंय? लिहिलं असलं तरी मला वाचता येत नाही.

१५ मार्च

जोसेफ होणार गावातला म्हातारा व्हान्नी, नेहमीप्रमाणे. तोंडात एकही दात नाही. दरवर्षी याच्या चघळण्यापायी सगळं गाव उपाशी ताटकळतं आणि मी त्याच्या नावाने बोटं मोडते. आज मुद्दाम त्याच्या दारी गेले. म्हटलं, "व्हान्नी, यंदा सावकाश जेव."

म्हाताऱ्याचे डोळे पाणावले. "लिबोरिया, हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायला मी जन्मभर थांबलोय."

मेल्याला वेगळंच काही वाटलं असणार. वाटू दे.

१९ मार्च

सांगते, नीट लिही.

उजाडताच टेबल खुंट्यांच्या रेषेवर मांडलं, झाडांच्या अलीकडे. वर पांढरी चादर. वालाची पेज, बडीशेपेच्या पाल्याची भाजी, पावाचा चुरा घातलेली मॅकरोनी, संत्री, कोरून भाजलेले मोठे पाव. दार हवं म्हणून खुराड्याचं दार काढून दोन दगडांत उभं केलं. तिघांनी ते ठोठावलं, मी उघडलं, बसवलं. मागे सगळ्या बायका.

मग ट्रक आले. पहिला पेप्पेचा.

मुकादम ओरडत आला. फौजदाराला बोलावलं. फौजदार आपल्याच मुलखातला निघाला. टेबल पाहिलं, टोपी काढली. मुकादम म्हणाला, हटवा हे. फौजदार म्हणाला, "संत जेवतायत. माझी आई पण मांडते. उठले की बघू."

व्हान्नीने वालाचा एक दाणा तोंडात टाकला आणि आकाशाकडे बघत बसला.

काय जेवला तो आज! एकेका घासाला देवाची आठवण काढत होता. मारिया झालेली पोर पेंगली. ऊन चढलं. आणि ट्रकमधलं काँक्रीट घट्ट व्हायला लागलं. पेप्पे टाकी फिरवत ठेवून बसला होता, घाम पुसत. मुकादम त्याच्या खिडकीशी जाऊन म्हणाला, टेबलावर घाल गाडी, पळतील सगळे.

पेप्पेने माझ्याकडे पाहिलं. मी हनुवटीसुद्धा हलवली नाही. त्याची नोकरी होती, त्याने ठरवायचं.

त्याने मुकादमाकडे पाहिलं. हनुवटी वर उचलली. टक्.

गाडी मागे घेतली, आणि तिथेच खुंट्यांच्या रेषेवर सगळं काँक्रीट ओतून मोकळा झाला. "टाकीत गोठलं असतं, साहेब," म्हणाला, "टाकी वाचवली तुमची." त्याच्यामागचा थांबला. त्यानेही तेच केलं.

संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या जागी बैलाएवढे दोन धोंडे. मग व्हान्नी म्हणाला, उठतो.

२१ मार्च

पेप्पेला काढलं, सुरुवात त्याने केली म्हणून. बाकीचे विमानतळावर परत जातात, हा घरात. पिना लिहिताना रडते आहे, कागद ओला करते. त्याने सकाळी विहिरीतला गाळ काढला. मी त्याला पोटभर वाढलं.

२२ मार्च

व्हान्नी सांगत होता, धोंडे फोडायला यंत्र येणार, आणि माझ्या फुलीसाठी कागद घेऊन खुद्द साहेब येणार. रॉकेटं तर येतीलच म्हणाला, या बाजूने नाही तर त्या बाजूने. येऊ देत. माझ्या बाजूने नाही.

फुली कुणीही मारू शकतं. मुकादमसुद्धा. पिनाला म्हटलं, बस, मला शिकव. सगळं नको. एकच शब्द.

२६ मार्च

साहेब आला. कागद पुढे केला, फुलीची जागा बोटाने दाखवली. मी तिथे दोन अक्षरं काढली. दुभाष्याने मोठ्याने वाचली. या खेपेला साहेबाला कळलं.

आता पिनाच्या हातून पेन घेते. अक्षर वाकडं येईल, पण माझं असेल —

नाही